आधी तापव, मग माप

धाकटीच्या प्रयोगशाळेत एक रीत होती, आणि रीत म्हटली की तिला कोणी 'का' म्हणून विचारत नाही. सकाळी आल्या आल्या अ‍ॅम्प्लिफायर चालू करायचा, तो तापत ठेवायचा आणि सगळ्यांनी चहाला जायचं. चहा व्हायचा, साहेबांच्या दोन-चार चहाड्या व्हायच्या, मग परत येऊन मोजमाप सुरू. "आधी तापव, मग माप," हे वाक्य भिंतीवर कुठे लिहिलेलं नव्हतं. पण नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी ते सांगितलं जायचं, चपला कुठे काढायच्या हे सांगतात तसं. थंड यंत्राचे आकडे इकडेतिकडे पळतात, तापलेल्या यंत्राचे गप्प बसतात. आणि गप्प बसणारे आकडे कुणाला नको असतात?

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. थोरला भाऊ, म्हणजे दादा, तिला धाकटी म्हणायचा, आणि तिच्याबद्दल तो बंदरावरच्या आपल्या सगळ्या यार्डाला सांगत सुटायचा, म्हणून बाहेरचेही तेच म्हणायला लागले होते. चाळिशी आली, केस पिकायला लागले, तरी धाकटी ती धाकटीच.

तिचं काम सांगायला सोपं, करायला महाकर्मकठीण. रेडिओचा संदेश जन्मतो तेव्हा अगदी क्षीण असतो. त्याला दूर पोचवायचं तर वाढवायला हवा, आणि तो वाढवणारा डबा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. अट एकच. जसं आत आलं तसंच बाहेर गेलं पाहिजे, फक्त मोठं होऊन. प्रमाण बिघडता कामा नये. हा डबा हात राखून चालवला तर प्रमाण सांभाळतो, पण अर्ध्याहून जास्त वीज नुसती ऊब होऊन वाया जाते. वीज वाचवायची म्हणून त्याला त्याच्या ताकदीच्या टोकापर्यंत नेलं, तर काठोकाठ भरलेल्या हंड्याचं जे होतं तेच त्याचं होतं. हिंदकळतं आणि सांडतं. रेडिओत सांडलेलं जमिनीवर पडत नाही, ते शेजारच्या घरात जातं. आपल्या वाहिनीला लागून ज्याची वाहिनी असेल त्याच्या कानात खरखर. मोजणीच्या पडद्यावर ते स्वच्छ दिसतं. चांगला संदेश सपाट टेबलासारखा, दोन्ही कडा सरळ खाली उतरलेल्या. सांडायला लागला की त्या टेबलाला दोन्हीकडे खांदे फुटतात. या धंद्यातली माणसं त्यांना खांदेच म्हणतात.

म्हणजे सगळी कारागिरी कशात, तर हंडा काठोकाठ भरायचा आणि थेंब सांडू द्यायचा नाही. त्यासाठी एक युक्ती असते. कापड आटणार हे माहीत असलेला शिंपी आधीच दोन बोटं जास्त सोडतो ना, तसं. डबा संदेशाचं कुठे काय दाबणार हे ओळखून संदेश आधीच तिथे तेवढा उचलून द्यायचा. दोन चुका एकमेकींना खातात आणि बाहेर सरळ संदेश येतो. या शिवणकामात धाकटीचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिचे विभागप्रमुख म्हणजे टक्केसाहेब. त्यांचं आडनाव दुसरंच काहीतरी होतं. पण कोणीही काहीही दाखवायला गेलं की त्यांचा पहिला प्रश्न "किती टक्के?" असा असायचा. भिंतीतून आलेल्या विजेतले किती टक्के कामी आले? माणूस वाईट नव्हता. फक्त टक्क्यांच्या पलीकडे त्याला काही दिसायचं नाही.

या साहेबांसाठी धाकटीने एक करामत केली होती. बोलायला काही नसेल तेव्हा डबा झोपायचा. संदेश आला की जागा व्हायचा. दिवसभरात गप्प बसण्याचाच वेळ जास्त, त्यामुळे वीज इतकी वाचली की साहेबांनी टक्के ऐकून खुर्ची मागे ढकलली आणि उभे राहिले. सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या. धाकटी तेव्हा लाजली होती, आणि खोटं कशाला बोला, तिला फार फार बरं वाटलं होतं.

त्यानंतर एकदा सगळे चहाला गेले असताना ती मागे राहिली. चहाड्यांचा कंटाळा आला होता. सहज म्हणून तिने झोपलेला, थंड पडलेला डबा एकदम जागा केला आणि लगेच पडद्याकडे पाहिलं. टेबलाला खांदे फुटलेले होते. चांगले मोठे. काही श्वासांपुरते ते तसेच राहिले आणि मग आपसूक खाली बसले. शिंप्याचा अंदाज तापलेल्या कापडाचा होता. थंड कापड वेगळं आटत होतं.

तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "नीट तापला नसेल. आधी तापव, मग माप." तिने पुन्हा तापवून मापलं. खांदे नव्हते. तिला म्हणता आलं असतं की साहेब, हा डबा बाहेर गेल्यावर त्याला कोण तापवत बसणार आहे? तो तर दिवसभर झोपणार आणि दिवसभर थंडच जागा होणार. हे वाक्य तिच्या जिभेवर होतं. पण त्या वाक्यामागे टाळ्या परत द्याव्या लागल्या असत्या. तिने ते गिळलं.

डबे विकले गेले आणि त्यातला एक नेमका दादाच्या यार्डात लागला.

दादा क्रेन चालवायचा. बंदराच्या यार्डात कंटेनरांच्या रांगा, मधून ट्रेलर, आणि वर काचेच्या केबिनमध्ये दादा. वरून खाली माणूस बोटाएवढा दिसतो आणि कंटेनरच्या पलीकडचा तर दिसतच नाही. म्हणून खाली एक सिग्नलमन उभा असतो. वॉकीटॉकीवर तो सांगतो, हळू, अजून, डावीकडे, थांब. खालचा तो डोळे आणि वरचा क्रेनवाला तो हात. दादाचा सिग्नलमन म्हणजे भोंगा. इतका मोठा आवाज की वॉकीटॉकी नसती तरी चाललं असतं, असं सगळे म्हणायचे. दादा आणि भोंगा एका डब्यात जेवत, एका गाडीवर घरी येत आणि एकमेकांना शिव्या घातल्याशिवाय त्यांचं अन्न पचत नसे.

यार्डातल्या कंटेनरांची नोंद आता आपोआप व्हायची. ट्रेलर आत आला की त्याची माहिती रेडिओवरून कचेरीत. ती पाठवणारा धाकटीचा डबा गोदामाच्या छपरावरच्या खांबाला लागला, दादाच्या केबिनच्या बरोब्बर समोर. दादाला काय आनंद! रोज सकाळी केबिनमध्ये चढला की तो समोरच्या खांबाला हाक मारायचा, "काय गं धाकटे, उठलीस का?" भोंगा खालून ओरडायचा, "अरे, ती तुझी बहीण आहे का डबा आहे?" आणि सगळं यार्ड हसायचं.

मग ते झालं. जेवणाची सुट्टी संपली होती. ट्रेलर आत आला, दादाने पहिला कंटेनर उचलला आणि खाली सोडायला लागला. खाली ट्रेलरच्या कोपऱ्यातला, कंटेनर अडकवायचा खिळा नीट बसला नव्हता म्हणून भोंगा वाकून तो बघत होता. त्याचा पाय अडकला. तो वॉकीटॉकीत ओरडला, "थांब, थांब, थांब!" कंटेनर थांबला नाही.

भोंगा वाचला. पाय गुडघ्याखाली राहिला नाही.

चौकशी लागली. भोंगा हॉस्पिटलच्या पलंगावरून शपथेवर म्हणाला, मी ओरडलो. दादा म्हणाला, मला ऐकू आलं नाही. दोघांपैकी एक खोटा, असा सरळ हिशेब यार्डाने मांडला, आणि यार्डाचे दोन तट पडले. भोंग्याच्या बायकोने दादाने नेलेली फळं परत पाठवली. दादाला घरी बसवलं.

धाकटीला ही बातमी वहिनीने फोनवर सांगितली. वहिनी रडत होती. धाकटीने विचारलं ते काय? "सुट्टीनंतरची पहिलीच उचल होती का गं?"

"हो. का?"

"काही नाही. असंच."

फोन ठेवून ती जागच्या जागी हिशेब करत बसली. सुट्टीत ट्रेलर नाहीत, म्हणजे डबा झोपलेला. सुट्टी संपली, पहिला ट्रेलर आत आला, डबा थंडच्या थंड जागा झाला. खांदे. आणि त्या डब्याच्या वाहिनीला लागूनच यार्डाच्या वॉकीटॉकींची वाहिनी, हे तिला माहीत होतं. डबा लावताना यार्डातल्या वाहिन्यांचा नकाशा तिनेच तर पाहिला होता. दादाची केबिन खांबासमोर, तिथे खरखर मोठी. भोंगा खाली लांब, वॉकीटॉकीतून त्याचा आवाज बारीक, आणि नुसता आवाज तर क्रेनच्या घरघरीत बंद काचेआड पोचणारच नाही. काही श्वासांचा खेळ होता आणि भोंग्याचा पाय त्याच श्वासांत गेला होता.

ती त्या दिवशी दादाकडे गेली. तो गॅलरीत बसून हाताची नखं बघत होता. तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, त्या वेळी वॉकीटॉकीवर खरखर होती का रे?"

"नाही," दादा म्हणाला. "अजिबात नाही. एकदम शांत होतं."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. आणि तो पडला याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. भावाची भाकरी जायची वेळ आली, त्याचा जिवलग पलंगावर पडला, आणि आपल्याला काय वाटलं, तर सुटलो! जिन्यावरून उतरताना तिने स्वतःलाच शिव्या घातल्या. पण उतरली ती हलक्या पायानेच.

हलकेपणा टिकला नाही. प्रयोगशाळेत पडद्यावरचं सपाट टेबल दिसलं की तिला त्याला खांदे फुटलेले दिसायचे. तिच्या संगणकावर एक पान होतं, बाहेर लागलेल्या सगळ्या डब्यांच्या मांडणीचं. त्यात यार्डाच्या डब्यासमोर 'झोप' असा शब्द आणि त्यापुढे बरोबरची खूण होती. ती खूण काढली की डबा झोपला नसता, कायम ऊबदार राहिला असता, आणि खरखर संपली असती. पण वीज जास्त जळली असती. ती का जळते म्हणून कोणीतरी विचारलं असतं. अपघातानंतरच खूण का काढली, म्हणून विचारलं असतं. धाकटीने ते पान उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं आणि मिटलं. दादा स्वतः म्हणतोय ना शांत होतं म्हणून, मग कशाला खाजवून खरूज काढा? असं तिने मनाला समजावलं. मन काही समजलं नाही, पण हात मागे आला.

मग चौकशीवाल्यांनी दादाचे कान तपासायला सांगितले. वहिनीच्या अंगात ताप होता, म्हणून सोबत धाकटी गेली.

कान तपासायची खोली म्हणजे खोलीत खोली. आतली काचेची, जाड दाराची. दादाला आत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन घातले, हातात एक बटण दिलं. बाहेर टेबलाशी बसलेली तपासनीस बाई म्हणाली, "आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक आला तरी." धाकटी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसली. बाईने आवाज सोडला की तिच्या टेबलावर एक छोटा दिवा लागायचा. दादाने बटण दाबलं की दुसरा.

पहिले काही आवाज ठीक गेले. पहिला दिवा, दुसरा दिवा. मग बाईने आवाज बारीक केला. पहिला दिवा लागला. दुसरा लागला नाही. बाईने नोंद केली. पुन्हा पहिला दिवा. दुसरा नाही.

धाकटी दिव्यांकडे बघत नव्हती. ती दादाकडे बघत होती. लहानपणापासून तो चेहरा ती वाचत आली होती. पत्त्यांत दादा कधी तिला फसवू शकला नव्हता, चांगलं पान आलं की त्याची डावी भुवई हलायची. आत्ता पहिला दिवा लागला आणि दादाची भुवई हलली. अंगठा बटणावर उचलला गेला, आणि तिथेच थांबला. पुन्हा दिवा, पुन्हा भुवई, पुन्हा अंगठा जागच्या जागी.

त्याला ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं, आणि तो बटण दाबत नव्हता.

"उजवा कान बराच गेलाय," बाई हळहळून म्हणाली. "या कामात होतंच असं."

परत येताना दादा बराच मोकळा दिसत होता. रस्ता ओलांडताना त्याने लहानपणीसारखा तिचा दंड धरला. म्हणाला, "चला, बरं झालं. भोंगा खोटारडा नाही ठरला. माझे कानच गेले म्हटल्यावर त्याचंही खरं आणि माझंही खरं. मला आता फाटकावर बसवतील. बसू. गाड्या मोजू."

"आणि क्रेन?"

"क्रेन काय, क्रेन चालवणारे पुष्कळ आहेत."

धाकटीला रस्त्यातच रडू फुटलं असतं. हा माणूस बहिरेपण का विकत घेतोय हे तिला आता लख्ख कळलं होतं. खरखर होती. त्याला ती ऐकू आली होती. ती कोणाच्या डब्यातून आली हेही त्याला ठाऊक होतं. तो भोंग्याला वाचवत होता आणि तिला वाचवत होता, आणि स्वतःला चुलीत घालत होता. आणि ती? ती पान उघडत होती आणि मिटत होती.

दुसऱ्या दिवशी तिने टक्केसाहेबांचं दार लोटलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साहेबांनी आधी हात झटकले. मग म्हणाले, "अगं, तुझा भाऊच शांत होतं म्हणतोय. तू का आगीत उडी घेतेस?" ती म्हणाली, "साहेब, मी तुम्हाला आधीही सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत, हा तुमचा भाग. मी पुन्हा सांगितलं नाही, हा माझा." साहेबांनी टेबलावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, "बोलाव सगळ्यांना. समोरच मापू."

सगळ्यांना बोलावलं. चौकशीचे गृहस्थ आले. दादा आला, कशाला बोलावलंय हे न कळून नवा शर्ट घालून. आणि भोंगा आला, दोन काखांत कुबड्या घेऊन. दादा आणि तो अपघातानंतर पहिल्यांदा एका खोलीत आले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. खुर्चीवर बसताना भोंग्याची कुबडी घसरली, ती दादाने उचलून भिंतीला टेकवली, तेही न बघता.

धाकटीने यार्डातल्यासारखाच एक डबा मांडला. भोंग्याला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत बसवलं, हातात वॉकीटॉकी. दादाला इकडे, डब्यासमोर, दुसरी घेऊन. यार्डातलं अंतर इथे आणायला भोंग्याच्या वॉकीटॉकीचा संदेश वाटेत बारीक करणारे तुकडे तिने जोडले. मधली सगळी दारं लावली आणि व्हरांड्यात, काचेतून दिसेल असा, भोंग्याला खूण पोचवायला एक माणूस उभा केला.

आधी तिने तापलेला डबा चालवला. "बोला," म्हणत तिने त्या माणसाला खूण केली. दादाच्या हातातून भोंग्याचा आवाज स्वच्छ आला, "थांब, थांब!" चौकशीचे गृहस्थ म्हणाले, "येतंय की ऐकू."

"आता याला झोपू दे," धाकटी म्हणाली.

डबा झोपला. टक्केसाहेब सवयीने उठले आणि म्हणाले, "तोवर चला, चहा घेऊन येऊ."

"आज चहा नको, साहेब," धाकटी म्हणाली.

साहेब खाली बसले. डब्यावर हात ठेवून धाकटी वाट बघत राहिली. ऊब गेली, पत्रा गार लागायला लागला. मग तिने व्हरांड्यातल्या माणसाला खूण केली आणि डबा जागा केला.

दादाच्या हातातल्या वॉकीटॉकीतून खरखर आली. दाट, सलग, दुसरं काहीच नाही. आणि त्याच वेळी, बंद दारांतून, भिंतींतून, अख्ख्या व्हरांड्यातून भोंग्याचा खराखुरा आवाज आला, "थांब! थांब! थांब!" भिंतींनी तो अडवला नाही. वॉकीटॉकीने अडवला. मग खरखर ओसरली आणि शेवटचा "थांब" दोन्हीकडून एकदम ऐकू आला.

पडद्यावरचे खांदे खाली बसले. चौकशीचे गृहस्थ तो पडदा बघतच राहिले.

भोंग्याला इकडे आणलं. त्याला कोणी काही सांगायची गरज नव्हती, सगळ्यांचे चेहरे सांगत होते. तरी धाकटीने सांगितलं. हा डबा मी केला. थंड असताना सांडतो हे मी पाहिलं होतं. तो तसाच बाहेर जाऊ दिला.

"कधीपासून माहीत होतं तुला?" दादाने विचारलं.

"तुझ्याकडे लागायच्या आधीपासून."

दादाने मान हलवली. मग वॉकीटॉकी टेबलावर ठेवून तो भोंग्याकडे वळला. "मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "डबा लागला तेव्हापासून खरखर यायची. सुट्टीनंतर पहिल्या उचलीला. नियम काय, ऐकू येत नसेल तर हात थांबवायचा. पहिले काही दिवस थांबवला. मग सुपरवायझर विचारायला लागला, का थांबतोस. खरखर येते म्हणालो असतो तर तक्रार झाली असती. ती हिच्या डोक्यावर आली असती. म्हणून थांबायचं सोडलं. जाते की आपोआप, म्हटलं. कंटेनर हळूहळू खाली सोडत राहायचो." लिव्हर धरल्यासारखा त्याने हात हवेत पुढे नेला. "त्या दिवशीही सोडत राहिलो."

धाकटीला वाटलं होतं की आपण खरं बोललो की दादा सुटेल. दादा सुटला नाही. तिच्याइतकाच तोही अडकलेला होता, आणि त्याला तिथे अडकवणारीही तीच होती. तिच्याबद्दलच्या कौतुकाने त्याचा हात लिव्हरवर राहिला होता.

भोंग्याने दोघांकडे पाहिलं. तो म्हणाला, "म्हणजे माझा आवाज गेला नव्हता."

"नाही," धाकटी म्हणाली.

"मी घरी ओरडून बघायचो. पडल्या पडल्या. थांब, थांब म्हणून. वाटायचं, त्या वेळी तोंडातून शब्द फुटलाच नसेल, भीतीने. बायको म्हणाली, पाय गेला तो गेला, आता शेजारीही घालवणार का?" तो हसला. बाकी कोणाला हसता आलं नाही. मग त्याने विचारलं, "माझ्या जागी आता कोण उभं राहतंय?"

"नवा माणूस आहे," दादा म्हणाला.

"आणि हा डबा?"

डबा खांबावरच होता. चौकशी चालली होती तेव्हा, दादा कान तपासून घेत होता तेव्हा, रोज जेवणाच्या सुट्टीनंतर तो थंड जागा होत होता, आणि खाली नवा माणूस वाकून खिळे बघत होता.

"हे नीट करायला किती दिवस लागतील?" भोंग्याने विचारलं.

टक्केसाहेबांनी घसा साफ केला. "तसं बघितलं तर पुन्हा सगळी मांडणी तपासावी लागेल, थंडीतल्या चाचण्या..."

धाकटी आपल्या टेबलाशी गेली. पान उघडलं. यार्डाच्या डब्यासमोरची खूण काढली. पडद्यावर प्रश्न आला, नक्की का? तिने हो म्हटलं. आणि मग तशीच खालची खूण काढली, त्याच्या खालची, जिथे जिथे तो डबा लागला होता तिथली प्रत्येक. टक्केसाहेब बघत होते, त्यांनी अडवलं नाही.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"आता ते झोपणार नाहीत. वीज जास्त जळेल. खरखर येणार नाही."

भोंग्याने कुबड्या काखेत घेतल्या आणि तो तिच्या टेबलापर्यंत आला. त्याने पडद्यावरची ती रिकामी चौकट पाहिली, तिचं बोट अजून ज्या बटणावर होतं ते बटण पाहिलं, आणि मग खाली, विजारीचा गुडघ्यापाशी दुमडून टाचलेला पायचा पाहिला. ज्याचा आवाज सगळ्या यार्डाला ऐकू जायचा त्या माणसाने इतक्या हळू विचारलं की शेजारी उभ्या दादालाही पुढे वाकावं लागलं.

"एवढंच होतं?"

"एवढंच," धाकटी म्हणाली.